ग्लेंडाच्या चार दिवसांचा बेत

हीटन, न्यूकॅसल
४ मार्च

ग्लेंडा,

तुझं पत्र सोमवारी आलं. अक्षर ओळखलं नाही. पाकिटाच्या मागे फॅल्मथचा पत्ता पाहिला तेव्हा कळलं. आधी चहा केला, तो प्यायले, मग उघडलं.

जूनमध्ये चार दिवस यायचं म्हणतेस. शहर पुन्हा एकदा बघायचंय म्हणतेस. शहर काही माझ्या मालकीचं नाही, तेव्हा परवानगी मागायची गरज नव्हती. पण एवढ्या वर्षांनी कुणी नुसतं शहर बघायला येत नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही.

फोन करू का, असं विचारलंस. नको. मला लिहिलेलं बरं पडतं. लिहिताना मध्येच उठून जाता येतं.

मागचं उगाळत बसायचा माझा स्वभाव नाही. एकदाच लिहिते आणि संपवते. तू तुझ्या सात वर्षांच्या मुलाला, रॉसला, सख्ख्या बहिणीच्या दारात उभं केलंस, त्याच्या हातात कपड्यांची पिशवी दिलीस आणि सहा महिन्यांसाठी जहाजावर गायला गेलीस. सहा महिन्यांचं वर्ष झालं आणि मग आम्ही मोजणं सोडलं. वाढदिवसाला आणि नाताळला कार्डं यायची. सोळाव्या वाढदिवसाचं कार्ड रॉसने न उघडता परत पाठवलं, त्यानंतर तीही थांबली. झालं. पुन्हा लिहिणार नाही.

आता कामाचं. जूनच्या शेवटी येऊ नकोस, मैदानावर जत्रा भरलेली असते आणि जत्रा आली की पाऊस येतो, हे तुला आठवत असेल. मधला आठवडा घे. तेव्हा फुटबॉलही नसतं, त्यामुळे हॉटेलं मिळतात. कोट आण. तू दक्षिणेला राहून वारा विसरली असशील.

माझ्याकडे उतरू नकोस. खोली आहे, पण ती रॉसची आहे. त्याला स्वतःचं घर आहे, बायको आहे, तरी ती खोली त्याची आहे. जेस्मंडला बरी गेस्ट हाउसं आहेत.

रॉस कसा आहे, असं तू अगदी शेवटच्या ओळीत विचारलंस. बरा आहे. ग्रेंजर मार्केटमध्ये त्याचा पावाचा गाळा आहे आणि बायकरला रेल्वेच्या कमानीखाली भट्टी आहे. बायकोचं नाव कर्स्टी. मुलीचं नाव मेबल, चार वर्षांची आहे. सध्या एवढं पुरे. तू येणार हे त्याला मी सवडीने सांगेन.

नॉर्मा


२३ मार्च

ग्लेंडा,

तू पाठवलेली ठिकाणांची नावं वाचली. यातलं निम्मं उरलेलं नाही. बायकरच्या ज्या क्लबात तू शनिवारी गायचीस तिथे आता व्यायामशाळा आहे. काचेतून दिसतं, माणसं धावतात आणि तिथल्या तिथेच राहतात. बिग मार्केटातले बार आहेत, पण रात्री तिकडे जायचं वय तुझंही नाही आणि माझं तर नाहीच. नदीपलीकडच्या पिठाच्या गिरणीत आता चित्रं लावतात. मी एकदा गेले होते. चित्रं कळली नाहीत, स्वच्छतागृह उत्तम आहे.

तू गेल्यावर नदीवर एक नवीन पूल झाला. पायी जायचा. जहाज आलं की तो आख्खा एका अंगावर कलतो. लोक बघायला थांबतात. मीही थांबते, तुला उगाच खोटं कशाला सांगू.

हॉटेल नदीकाठीच हवं असा तुझा हट्ट दिसतो. घे बापडी. पण शुक्रवार-शनिवारी तिथे लग्न ठरलेल्या पोरींच्या टोळ्या येतात, सगळ्या जणी एकसारखे गुलाबी पट्टे लावून, पायांत उंच टाचा आणि अंगावर कोट नाही. पहाटेपर्यंत गाणी म्हणतात. तुला आवडेल म्हणा, तू त्यातलीच होतीस. मोठ्या पुलाखालून जाताना डोक्यावर टोपी घाल. समुद्रपक्षी पुलाच्या कठड्यांवर घरटी करतात आणि खाली कोण चाललंय ते बघत नाहीत.

मी बेत असा केलाय. बुधवारी संध्याकाळी तू पोचशील. ट्रूरोला आणि प्लिमथला गाडी बदलायची, त्यानंतर थेट आहे. उजवीकडे बस, म्हणजे डरहॅमचं चर्च दिसेल. गुरुवारी आराम, नदीकाठ, नवा पूल. शुक्रवारी शहर. शनिवारी मेट्रोने टाईनमथ, स्टेशनातला जुना बाजार, मग किनाऱ्यावर मासे आणि बटाटे. रविवारी दुपारची परतीची गाडी.

शेजारच्या विनीला हा बेत दाखवला. ती म्हणाली, "यात तुम्ही दोघी बोलणार कधी? सगळा वेळ चालण्यातच जाणार."

मी म्हटलं, "म्हणून तर."

ती म्हणाली, "नॉर्मा, तुझा गुडघा नवीन बसवलाय. एवढं चाललीस तर चौथ्या दिवशी तुला हातगाडीतून आणावं लागेल."

विनीला सगळ्यातलं सगळं कळतं असं तिला वाटतं.

रॉसला अजून सांगितलेलं नाही. त्याच्या ओव्हनचं दार बिघडलंय आणि ईस्टर तोंडावर आलाय. या दिवसांत त्याला काही सांगणं म्हणजे चालत्या गाडीत चढण्यासारखं आहे.

नॉर्मा


१६ एप्रिल

ग्लेंडा,

तू सरळ विचारलंस म्हणून सरळ सांगते. ओव्हनचं दार कधीच दुरुस्त झालंय. ईस्टरही झाला. रॉसला सांगितलेलं नाही.

सांगायचं ठरवून मागच्या मंगळवारी मार्केटात गेले होते. रांग होती. तो हाताने स्टॉटीचे चपटे गोल पाव कापत होता, त्यात हॅम आणि वाटाण्याचं पिवळं सारण भरत होता, आणि प्रत्येकाशी बोलत होता. त्याच्याकडे येणाऱ्या म्हाताऱ्यांना तो नावाने ओळखतो. एकीला म्हणाला, "काय गं एथेल, डॉक्टरने मीठ बंद केलंय ना? मग हे कुणासाठी नेतेस?" ती म्हणाली, "मांजरासाठी." तो म्हणाला, "मग मांजराला सांग, हळूहळू चाव."

माझा नंबर आला तेव्हा त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "मावशी, काही झालंय का?"

"काही नाही. एक स्टॉटी दे."

"तुझ्या घरी कालचा आहे. मीच आणून दिलाय."

"मग दोन दे."

दोन घेऊन घरी आले. विनीला एक दिला.

तू लिहितेस की त्याला सांगणं जमत नसेल तर राहू दे, तू नुसती मार्केटात जाशील, लांबून बघशील आणि परत येशील. ते मी होऊ देणार नाही. मासळीच्या गाळ्यामागे लपून कुणी कुणाला बघायचं नाही. तो माझा मुलगा

हे वाक्य मी अर्धवट सोडलं होतं आणि कागद बदलणार होते. पण राहू दे तसंच. तो मला मावशी म्हणतो. पहिल्या दिवसापासून मावशीच म्हणतो, मीही कधी दुसरं काही म्हणायला शिकवलं नाही, कारण सुरुवातीला मला वाटायचं तू सहा महिन्यांनी येशील. नंतर सवय झाली. शाळेत मास्तरांनी आईला घेऊन ये म्हटलं की तो घरी येऊन सांगायचा, "मावशी, उद्या तुला आई म्हणून बोलावलंय." आणि मी जलतरण तलावाच्या तिकीट खिडकीवरून अर्धी सुट्टी काढून जायची.

तुला डगी आठवतो का? त्याने मला लग्नाचं विचारलं होतं. पण त्याला घरात आधीपासून असलेलं मूल नको होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस, म्हणून लिहीत नाही.

तेव्हा तुझं येणं मला सोपं नाही, हे समजून घे. मी टाळाटाळ करतेय ती फक्त त्याच्यासाठी नाही.

या महिन्यात सांगते. नक्की.

नॉर्मा


१० मे

ग्लेंडा,

त्याला कळलंय. माझ्याकडून नाही.

गुरुवारी विनी मार्केटात गेली. गाळ्यावर रांगेत उभी राहिली आणि भर लोकांत म्हणाली, "मग काय पोरा, जूनमध्ये आई येणार ना तुझी?" विनी वाईट नाही. तिला वाटलं, मार्चपासून बेत चाललाय म्हणजे त्याला माहीत असणारच. कुणालाही तसंच वाटलं असतं.

संध्याकाळी रॉस घरी आला. दार वाजवलं. त्याच्याकडे किल्ली आहे, तो कधी दार वाजवत नाही. मी तेव्हाच समजले.

आत येऊन बसला नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. अंगावर पीठ तसंच होतं.

"कधीपासून?" म्हणाला.

"मार्चपासून."

"दर रविवारी मी इथे जेवतोय. बटाटे वाढताना तुला एकदाही सुचलं नाही?"

"सुचायचं. तोंडात यायचं नाही."

"विनीला माहीत. विनीच्या मांजराला माहीत असेल. फक्त मला नाही." मग म्हणाला, "काय काय ठरवलंयस?"

मी फ्रिजवर लावलेला तुझा बेत दाखवला. त्याने वाचला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, सगळं वाचलं.

"यात मी कुठाय?"

"तुला विचारून मग घालणार होते."

"माझं उत्तर नाही असं आहे," तो म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. "मला तिच्यावर ओरडायचं नाही. तिला माफही करायचं नाही. मी तिला ओळखतच नाही, आणि ओळख करून घ्यायला माझ्याकडे वेळ नाही. ते माझं मी फार वर्षांपूर्वी मिटवलंय. पण तू, मावशी. तू माझ्यापासून लपवलंस. आपल्या घरात फसवायचं काम तिचं होतं, तुझं नव्हतं."



जाता जाता म्हणाला, "तुला काय हवंय? मी हो म्हणावं की नाही म्हणावं?"

खरं सांगते, दोन महिने मला वाटत होतं की त्याने नाही म्हणावं. मनातल्या मनात मी ते कितीदा ऐकलं होतं. आणि तो खरोखर नाही म्हणाला तेव्हा मला काहीच बरं वाटलं नाही. तो तिथे दारात उभा होता, आणि मला तो सात वर्षांचा दिसत होता, पिशवी घेऊन. या वेळी पिशवी मी दिली होती.

या रविवारी तो जेवायला आला नाही. कर्स्टीचा निरोप आला की मेबलला ताप आहे. मेबलला ताप नाही. शनिवारी विनीने तिला झोपाळ्यावर पाहिलं.

नॉर्मा


२२ मे

ग्लेंडा,

आणखी एक रविवार तसाच गेला. तिकीट रद्द कर. हॉटेल रद्द कर. यात तुझा दोष आहे म्हणून नाही. ज्याच्यासाठी येतेस तो भेटणार नाही, आणि माझ्याकडे यायचा तेही त्याने थांबवलं. आणखी काही हलवायची माझी तयारी नाही.

नॉर्मा


५ जून

ग्लेंडा,

फोन करू नकोस म्हटलं होतं, तरी केलास.

तू म्हणालीस, "नॉर्मा, मी रद्द करणार नाही. मी तुला भेटायला येतेय. त्याला भेटायचं नसेल तर नको. तू तरी भेट." आणि मी म्हटलं की ओव्हनमध्ये काहीतरी आहे आणि फोन ठेवला. ओव्हनमध्ये काही नव्हतं. तुझा आवाज जाड झालाय. आपल्या आईसारखा झालाय. तो एकदम कानावर आला, म्हणून ठेवला.

मग दोन दिवस विचार केला. आपल्या दोघींत मूळ भांडण कधी झालंच नाही, हे माझ्या लक्षात आलं. तू गेलीस आणि मी त्याच्या बाजूला उभी राहिले, कारण तिथे दुसरं कुणी नव्हतं. माझ्या स्वतःच्या बाजूला मी कधी उभीच राहिले नाही. मलाही बहीण नव्हती एवढी वर्षं. हे कुणाला सांगायची वेळ आली नव्हती, तुझ्या फोनने आली.

तर ये.

आता रविवारचं. रॉस आला. या वेळी किल्लीने दार उघडलं. हातात पाव, मागे कर्स्टी आणि मेबल. काही झालंच नाही असा बसला. मी वाढलं. मेबलने वाटाणे बाजूला काढले. जेवण झाल्यावर मी म्हटलं, "रॉस, ती येणार आहे. जूनच्या मध्याला, बुधवारी. मी तिला स्टेशनवर आणायला जाणार आहे. तू तिला भेटावंस असं मी म्हणत नाही. नाही म्हण असंही म्हणत नाही. मला माझी बहीण बघायची आहे."

तो पावाने बशीतला रस्सा पुसत बसला. मग म्हणाला, "हे आधी सांगितलं असतंस तर."

"मला आधी माहीत नव्हतं."

मग उठून फ्रिजपाशी गेला आणि बेत काढून टेबलावर ठेवला. "हे कुणी केलंय? शनिवारी टाईनमथ? जून महिन्यात? अख्खं न्यूकॅसल तिथे असतं. तुला बसायला बाक मिळणार नाही, या गुडघ्यावर तू उभी राहणार? गुरुवारी ने."

"गुरुवारी स्टेशनातला बाजार नसतो."

"तिला बाजार बघायचाय की समुद्र?" कर्स्टी म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलली.

"समुद्र तर ती फॅल्मथलाही रोज बघते," मी म्हटलं.

"मग तो समुद्र नाही," रॉस म्हणाला. "तो बागेतला हौद आहे."

पेन घेऊन त्याने सगळं खालीवर केलं. शनिवारी नदीकाठ नको, पोरींच्या टोळ्या. रविवारी सकाळी नदीकाठचा बाजार, तो मी घातलाच नव्हता, म्हणाला. शुक्रवारपाशी थांबला. तिथे मी 'शहर' एवढंच लिहिलं होतं.

"शुक्रवारी मी गाळ्यावर नसतो," तो म्हणाला, "गाडी घेऊन हॉटेलांना पाव टाकायला जातो. कर्स्टी असते गाळ्यावर. मेबलही असते."

कर्स्टीने त्याच्याकडे पाहिलं. "मी?"

"तू तिला ओळखत नाहीस. तुला तिच्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे. पाव हवा असेल तर पाव दे."

एवढंच. मीही ओढून काही काढलं नाही. तेव्हा शुक्रवारी मार्केट. तू आशा लावून येऊ नकोस. मी हे स्पष्ट लिहितेय, नंतर म्हणू नकोस.

स्टेशनवर मी घड्याळाखाली उभी असेन. केस पांढरे आहेत, कोट निळा आहे.

नॉर्मा


२८ जून

ग्लेंडा,

तू सुखरूप पोचल्याचं विनीला आधी कळवलंस आणि मला नंतर, हे लक्षात आलंय. विनी आता मला म्हणते, "तुझी बहीण तुझ्यापेक्षा बरी आहे." तू जायला निघालीस तेव्हाही तिने तुला माझ्यापेक्षा जास्त वेळ मिठी मारली.

घर रिकामं वाटतं असं लिहिणार नव्हते. तू माझ्या घरी उतरलीच नव्हतीस. पण रोज संध्याकाळी हॉटेलवर जायला उशीर करत होतीस, त्या खुर्चीत बसून बूट काढत होतीस, त्यामुळे ती खुर्ची आता उगाच दिसते.

आता मुख्य. काल रविवार होता. रॉस एकटाच आला. मेबलला घेऊन कर्स्टी तिच्या आईकडे गेली होती. जेवण झाल्यावर म्हणाला, "सांग."

"काय सांगू? कर्स्टीने सांगितलं असेल."

"कर्स्टीने तिचं सांगितलं. तू तुझं सांग. शुक्रवारचं."

तर मी त्याला जे सांगितलं तेच तुला लिहिते, म्हणजे तुझ्या पाठीमागे काय बोललं गेलं ते तुला कळावं. मी पुन्हा कुणापासून काही लपवणार नाही, असं ठरवलंय.

मी सांगितलं की आपण रांगेत उभ्या होतो. तू दोनदा म्हणालीस, चल परत जाऊ, आणि दोनदा मी तुझा कोपर धरला. आपला नंबर आला तेव्हा कर्स्टीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे.

"तुम्हीच ना त्या?" ती म्हणाली.

"हो," तू म्हणालीस.

"मी तुमच्यावर रागावलेली आहे. त्याचा राग संपलाय, माझा संपलेला नाही. पण मागे रांग आहे, आत्ता वेळ नाही. हॅम घालू?"

तू म्हणालीस, "घाल." आणि मग, "तू रागावलीस हे बरं झालं. कुणीतरी रागवायलाच हवं होतं."

कर्स्टीने तुझ्या स्टॉटीत सारण जरा जास्तच भरलं. ते मी पाहिलं. तिने मुद्दाम केलं की हात थरथरला, कोण जाणे.

इथे रॉस हसला. "हात थरथरला," म्हणाला. "तिचा नेहमी थरथरतो. रागावली की जास्त देते. आमचं नुकसान होतं त्यात."

मग मी मेबलचं सांगितलं. ती पिठाच्या पोत्यावर बसून कणकेचा साप करत होती. तुझ्याकडे बघून म्हणाली, "तू कोण?" मला त्या क्षणी वाटलं होतं, ग्लेंडा, आता तू काहीतरी भलतं बोलणार. मी तोंड उघडलंच होतं तुला अडवायला. आणि तू खाली वाकून म्हणालीस, "मी नॉर्माची बहीण." मेबल म्हणाली, "नॉर्माला बहीण नाही." तू म्हणालीस, "आहे. फार लांब राहते." आणि तिने तुला सापाची शेपटी तोडून दिली.

हे सांगितल्यावर रॉस टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिला.

"एवढंच म्हणाली?"

"एवढंच."

"आजी-बिजी काही नाही?"

"नाही."

"तू शिकवलं होतंस का तसं बोलायला?"

"मी तिला कोट आण एवढंच शिकवलं. तेही तिने ऐकलं नाही."

तू नंतर मार्केटच्या मागच्या गल्लीत भिंतीला टेकून कणकेची शेपटी हातात धरून उभी होतीस, ते मात्र मी त्याला सांगितलं नाही. ते तुझं आहे. त्याला सांगायचं असेल तर तू सांग.

मग त्याने बश्या धुतल्या. मी पुसल्या. मी विचारलं की तुला ऑक्टोबरात पुन्हा बोलवू का. तुला पत्र लिहायच्या आधी त्याला विचारलं, हे लक्षात घे. विनीच्याही आधी. तो म्हणाला, "तुझी बहीण आहे, तुझं घर आहे. बोलव." मी म्हटलं, "तसं नाही विचारत मी." तो म्हणाला, "मला कळलं तू कसं विचारतेस ते."

दारात बूट घालायला बसला. एक बूट घातला, दुसरा हातात तसाच ठेवून म्हणाला, "ती सकाळी लवकर उठते का?"

"का?"

"मी पहाटे साडेतीनला भट्टी पेटवतो. सहापर्यंत मी एकटाच असतो. कणीक मळताना बोलायची गरज नसते. कोपऱ्यात कुणी बसून राहिलं तर माझी हरकत नसते." मग दुसरा बूट घातला. "मी काही वचन देत नाही, मावशी. नुसतं विचारतोय. उठते का?"

ग्लेंडा, तुला शाळेसाठी उठवताना आई अंगावर थंड पाण्याचा फडका टाकायची. त्या चार दिवसांतही साडेदहाच्या आत तू हॉटेलच्या बाहेर पडलेलं मी पाहिलं नाही. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

मी त्याला म्हटलं, मला माहीत नाही, तिलाच विचारते.

विचारतेय. उत्तर उलटटपाली पाठव.

तुझी,
नॉर्मा